प्रेझेंट परफेक्ट : ‘नुकतीच पूर्ण झालेली क्रिया’ ही व्याख्या आता पुरे?

खडूफळा
नमस्कार मंडळी. परळला आमच्या मंडळाच्या खोलीत मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. फी नाही. फळा मंडळाचा, खडू माझा. येणाऱ्या बहुतेक बायका मराठी माध्यमातून दहावी-बारावी झालेल्या. कुणी पोळीभाजी केंद्र चालवते, कुणी दवाखान्यात रिसेप्शनला बसते, काही जणी मुलांच्या पालकसभेत दोन वाक्यं धड बोलता यावीत म्हणून येतात.

साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूत इथपर्यंत गाडी झकास येते. प्रेझेंट परफेक्टला अडते. व्याख्या सगळ्यांना पाठ: ‘क्रिया नुकतीच पूर्ण झाली असेल तर हॅव किंवा हॅज, अधिक क्रियापदाचं तिसरं रूप.’ गो-वेंट-गॉन घडाघडा म्हणतात. आणि वाक्य करा म्हटलं की ‘आय हॅव गॉन टू मार्केट यस्टरडे.’ चुकलं म्हटलं की विचारतात, का? कालच तर गेले होते, नुकतंच झालं ना!

माझ्या मते घोळ त्या ‘नुकतीच’मध्ये आहे. ‘ही लेफ्ट टू मिनिट्स ॲगो.’ दोन मिनिटांपूर्वी गेलेला माणूस, याहून नुकतं काय असणार? तरी तिथे ‘हॅज लेफ्ट’ चालत नाही. उलट ‘आय हॅव सीन द ताजमहाल’ म्हणणारी बाई लग्न झाल्या झाल्या जाऊन आलेली असेल, आज तिला नातवंडं असतील, तरी वाक्य बरोबर. मग ही व्याख्या शिकवायची कशाला? आणि ती काढली तर तिच्या जागी साध्या मराठीत काय सांगायचं? तुम्ही कसं शिकलात, कसं शिकवता, लिहा.

लोकलवाली
पहिला नंबर माझा. आत्ता दोन हात मोकळे नाहीत, उतरले की सविस्तर लिहिते.

काळाचौकीकर
ताई, ‘नुकतीच’वर एवढा राग नको. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे एबीसीडीच पाचवीत. पहिलीपासून इंग्रजी हे २००० साली आलं. आम्हाला दहावीपर्यंत जेमतेम सहा वर्षं, त्यात सरांनी युक्ती दिली ती अशी: वाक्यात जस्ट, ऑलरेडी, यट, एव्हर, नेव्हर, सिन्स, फॉर यातलं काहीही दिसलं की डोळे मिटून हॅव. यस्टरडे, लास्ट, ॲगो दिसलं की दुसरं रूप. त्यावर बोर्डाची परीक्षा निघाली, नोकरी लागली, मुलं शिकली.

खडूफळा
@काळाचौकीकर, परीक्षेत तो ‘जस्ट’ छापून आलेला असतो. पालकसभेत बोलताना कोण छापून देणार? आणि ‘फॉर’ दिसलं की हॅव म्हणाल, तर आमच्या वर्गातल्या एका आजींचं वाक्य बघा: ‘आय वर्क्ड इन अ मिल फॉर टेन इयर्स.’ गिरणी कधीच बंद पडली, त्या जागी टॉवर उभा आहे. तिथे हॅव लावलंत तर आजी अजून वाइंडिंग खात्यात!

काळाचौकीकर
हा हा. मुद्दा बिनतोड. आमचे वडील १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते. म्हणजे ‘माय फादर वर्क्ड’. ठीक आहे, ‘फॉर’ला यादीत राहू देऊ, पण नजरकैदेत.

निवृत्त रोखपाल
बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे मला पासबुकच सुचतं. साधा भूतकाळ म्हणजे पासबुकातली नोंद. तारीख आहे, रक्कम आहे, झालं तेव्हा झालं. प्रेझेंट परफेक्ट म्हणजे आजची शिल्लक. ती जुन्या नोंदींतूनच तयार होते, पण सांगताना आपण कुठल्या तारखेला काय भरलं ते सांगत बसत नाही, आज खात्यात काय आहे ते सांगतो.

‘मिस्टर आहेत का घरात?’ ‘नो, ही हॅज गॉन आउट.’ विचारणाऱ्याला आजची स्थिती हवी आहे, ती सांगितली. त्याने पुढे ‘कधी गेले?’ विचारलं की आपण पानं उलटायला लागलो: ‘ही लेफ्ट ॲट टेन.’ लगेच रूप बदललं. घटना दोन मिनिटांपूर्वीची की तीस वर्षांपूर्वीची, याच्याशी काही देणंघेणं नाही. वार, वेळ, साल तोंडातून बाहेर पडलं की ती नोंद झाली. म्हणूनच ‘व्हेन हॅव यू कम?’ हा आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा प्रश्न बसत नाही. ‘व्हेन’ म्हटलं म्हणजे तारीखच मागितली. ‘व्हेन डिड यू कम?’

एक मेख आहे. ‘धिस मॉर्निंग’, ‘धिस वीक’, ‘टुडे’ हे शब्द दोन्हीकडे चालतात. सकाळी अकराला म्हणा, ‘आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग.’ सकाळ अजून सरलेली नाही, तिसरा होऊ शकतो. दुपारी चारला तीच गोष्ट सांगायची तर ‘आय हॅड’.

पावशेर
काका, आमच्याकडे ‘हॅड’ म्हणा नाहीतर ‘हॅव हॅड’ म्हणा, तिसरा मिळत नाही.

वैतागवाडी
रोखपाल काका, दंडवत. पण ‘हॅव हॅड’ असं लागोपाठ का येतं ते सांगून टाका. माझा मुलगा म्हणतो छपाईची चूक आहे.

निवृत्त रोखपाल
पहिलं ‘हॅव’ काळ दाखवायला, दुसरं ‘हॅड’ म्हणजे घेणे-पिणे-जेवणे या अर्थाच्या ‘हॅव’चं तिसरं रूप. ‘हॅड’ काढून तिथे ‘टेकन’ ठेवून ‘आय हॅव टेकन’ म्हणून बघायला सांगा मुलाला, लगेच कळेल.

गुटेन टाग
मी काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायला जायचे. तिथे हा काळ आला तेव्हा वर्गातले इंग्रजी माध्यमवाले अडखळले आणि आम्ही मराठीवाले सुटलो! कारण जर्मन माणूस बोलताना सरळ म्हणतो, ‘इश हाबे इन गेस्टर्न गेझेएन.’ शब्दाला शब्द ठेवला तर ‘आय हॅव हिम यस्टरडे सीन’. आपल्या परळच्या बायकांचंच वाक्य! फ्रेंचमध्येही ‘काल’ आणि ‘हॅव’ सुखाने एकत्र नांदतात. बोलीत तर या दोन्ही भाषांत साधा भूतकाळ बाजूला पडून हाच काळ त्याचं काम करतो.

गंमत पुढे आहे. जर्मनमध्ये जाणं-येणं असल्या क्रियापदांना ‘हॅव’ लागत नाही, ‘आहे’ लागतं: ‘इश बिन गेगांगन’, म्हणजे ‘मी गेलो आहे’ जसंच्या तसं. जुन्या इंग्रजीतही तसंच होतं, ‘ही इज गॉन’ हा त्याचा उरलेला अवशेष. तेव्हा खडूफळाताई, बायकांना सांगा की तुमचं डोकं ठिकाणावर आहे, तिरकी चाल इंग्रजीची आहे.

जुनी वही
गुटेन टाग यांनी दार उघडलंच आहे तर थोडं आत जाऊ.

आपण शाळेत ‘मी जेवलो आहे’ला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतो आणि प्रेझेंट परफेक्टचा जुळा भाऊ समजतो. दोघे दिसायला सारखे, वागायला निराळे. मराठीत ‘मी त्याला काल भेटलो आहे’ बिनदिक्कत चालतं. आपलं ‘आहे’ बोलणाऱ्याची खात्री दाखवतं: भेटलो आहे, नाही कसं म्हणतोस! ते वेळेला हरकत घेत नाही. इंग्रजीतलं ‘हॅव’ घेतं.

आता मूळ. आपलं ‘गेला’ हे संस्कृत ‘गत’ला प्राकृतातून ‘ल’ चिकटून आलेलं. म्हणजे भूतकाळाचं वाटतं ते रूप मुळात ‘गेलेला’ असं विशेषणच. ‘रामेण आम्रं खादितम्’ म्हणजे रामाकडून आंबा खाल्लेला. त्याचंच ‘रामाने आंबा खाल्ला’ झालं. म्हणून तर क्रियापद आंब्याच्या मागे जातं, रामाच्या नाही. इंग्रजीतही ‘हॅव’ आलं ते मालकीच्या अर्थाने: माझ्याकडे पत्र आहे, लिहिलेलं. ‘आय हॅव द लेटर रिटन.’ हळूहळू शब्द जागा बदलून ‘आय हॅव रिटन द लेटर’ झालं. दोन्ही भाषांनी विशेषणापासूनच सुरुवात केली, त्यांनी ‘जवळ असणं’ जोडलं, आपण नुसतं ‘असणं’.

याचा वर्गात उपयोग असा. ‘तिने आंबे खाल्ले आहेत’ यात ‘आहेत’ अनेकवचनी आहे ते आंब्यांमुळे. इंग्रजी करताना हात आपोआप ‘शी हॅव ईटन’ लिहितो. हॅज आणि हॅवचा जो गोंधळ आपण धांदरटपणा म्हणून मोजतो, त्यातला बराच याच खोडीतून येत असावा. इंग्रजीत नजर खाणाऱ्यावर ठेवायची, खाल्लेल्यावर नाही, एवढं एकदा फळ्यावर लिहून बघा.

पावशेर
जुनी वही, एवढं वाचून ‘आय ॲम डेड’ म्हणू की ‘आय हॅव डाइड’?

जुनी वही
‘आय हॅव डाइड’ व्याकरणाने बरोबर आहे, पण बोलणारा सापडायचा नाही.

बिनधास्त बबन
एवढा काथ्याकूट कशाला? मी लोअर परळला काम करतो. रोज ‘आय हॅव सेंट द मेल यस्टरडे’ असे मेल येतात आणि मीही पाठवतो. आजवर कुणाचं काम अडलं नाही. ‘हॅव’बरोबर ‘यस्टरडे’ हे भारतीय इंग्रजीचं वैशिष्ट्य म्हणून भाषाशास्त्रज्ञांनीही नोंदलेलं आहे. जर्मन लोकांनी केलं की तिरकी चाल इंग्रजीची, आम्ही केलं की चूक? वर्गातल्या बायकांना बोलू द्या की बिनधास्त.

मनुष्यबळ
@बबन, ‘यस्टरडे’वाल्या मेलने कुणाचं अडत नाही हे शंभर टक्के मान्य. बायोडेटात ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बीकॉम इन २०१५’ असतं, तेही मी सोडून देते, अर्थ कळतो. अडतं ते उलट बाजूने.

अंधेरीत मुलाखती घेताना वारंवार दिसणारा प्रकार सांगते. उमेदवार सध्या नोकरीत आहे. विचारलं, अनुभव किती? तो म्हणतो, ‘आय वर्क्ड इन धिस कंपनी फॉर सिक्स इयर्स.’ समोर परदेशी साहेब असेल तर तो ऐकतो की नोकरी सुटली. पुढचा प्रश्न, मग सध्या काय करता? मुलगा गोंधळतो, काम तर चालू आहे! मग का सोडली, कधी सोडली, यात दहा मिनिटं जातात आणि समोरच्याच्या मनात उगाच शंका राहते. ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर सिक्स इयर्स’ एवढंच म्हणायचं होतं. म्हणजे ‘हॅव’ जास्तीचं लागलं तर फार बिघडत नाही, गळलं की अर्थ बदलतो. शिकवताना जोर तिकडे द्यावा असं माझं मत.

बिनधास्त बबन
हे पटलं. पण मग व्याकरण म्हणून नको, मुलाखत म्हणून शिकवा.

लोकलवाली
उतरले. मनुष्यबळ यांनी माझं अर्धं काम केलं.

माझ्या मते खरा शत्रू ‘नुकतीच’ नव्हे, ‘पूर्ण’ आहे. ‘आय हॅव लिव्ह्ड इन परळ फॉर ट्वेंटी इयर्स.’ यात काय पूर्ण झालं? काहीच नाही, बाई अजून तिथेच राहते, उद्याही राहणार. मराठीत आपण हे सरळ वर्तमानात बोलतो: ‘मी वीस वर्षांपासून परळला राहते.’ म्हणून सगळे म्हणतात ‘आय ॲम लिव्हिंग इन परळ सिन्स ट्वेंटी इयर्स.’ यात दोन दगड आहेत. एक, मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेली गोष्ट मराठीत वर्तमानात बसते, इंग्रजीत तिला ‘हॅव’ लागतं. दोन, आपलं ‘पासून’ दोन्ही कामं करतं, ‘२००५ पासून’ही आणि ‘वीस वर्षांपासून’ही. इंग्रजीत सुरुवातीचा टोकाचा बिंदू असेल तर ‘सिन्स’, किती वेळ ते मापाने सांगायचं तर ‘फॉर’. सिन्स २००५, फॉर ट्वेंटी इयर्स. सिन्स मंडे, फॉर थ्री डेज. सिन्स माय मॅरेज, फॉर एजेस.

ठाण्याला फलाटावर उभं राहून हे पाठ करता येतं. ‘आय हॅव बीन स्टँडिंग हिअर सिन्स एट फॉर्टी.’ ‘आय हॅव बीन स्टँडिंग हिअर फॉर हाफ ॲन अवर.’ गाडी येत नाही तोवर उदाहरणं संपत नाहीत.

पावशेर
आणि गाडी आली की ‘द ट्रेन हॅज कम, बट आय हॅव नॉट गॉट इन.’

कुडाळची सून
गॉन आणि बीनचं कुणी लिहिलं नाही अजून. आमच्या शेजारच्या आजोबांना भेटायला त्यांचा अमेरिकेतला नातू आला, त्याला मराठी कमी. ह्यांच्याबद्दल विचारलं तर मी म्हटलं, ‘ही हॅज गॉन टू कुडाळ.’ तो म्हणाला, बरं, आले की भेटतो. (सध्या खरंच गणपतीला गावी आहेत.) पण समजा घरी असते, तर म्हणायला हवं ‘ही हॅज बीन टू कुडाळ’, म्हणजे जाऊन परत आलेत. ‘गॉन’ म्हणजे गेलाय, अजून तिकडेच. ‘बीन’ म्हणजे जाऊन आलाय. मराठीत ‘जाऊन आलाय’ इतकं चपखल आहे की वेगळं शिकवायलाच नको.

वैतागवाडी
आणि मराठीत ‘गेलाय’ऐवजी नुसतं ‘गेले’ म्हटलं की पंचाईत. ‘आजोबा गेलेत’ म्हटलं तर कट्ट्यावर. ‘आजोबा गेले’ म्हटलं की समोरचा बसकण मारतो.

पायी गिरगाव
आजोबांवरून आठवलं. मी हौसेने लोकांना जुन्या मुंबईत पायी फिरवतो, त्यात परदेशी पाहुणेही असतात. क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृहासमोर उभं राहून मराठी गटाला मी सांगतो, ‘इथे लोकमान्य टिळक राहिले आहेत.’ उत्तम मराठी. हेच इंग्रजीत ‘टिळक हॅज स्टेड हिअर’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं टिळक हयात आहेत, अधूनमधून मुक्कामाला येतात. टिळकांचं निधन १ ऑगस्ट १९२० ला, याच इमारतीत. तेव्हा ‘टिळक स्टेड हिअर’. गावदेवीच्या मणिभवनाचं तेच. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरायचे. ‘गांधीजी स्टेड’, ‘हॅज स्टेड’ नाही.

पण कर्ता बदला. ‘धिस बिल्डिंग हॅज सीन मेनी लीडर्स.’ हे चालतं, कारण इमारत अजून उभी आहे! माणूस गेला, वास्तू आहे, म्हणून वास्तूला ‘हॅज’ मिळतं. मला तर हा काळ नीट कळला तो सरदारगृहाच्या फुटपाथवरच. ज्याच्याबद्दल बोलतोय त्याची गोष्ट अजून पुढे चालू शकते का, एवढंच बघायचं.

काळाचौकीकर
पायी गिरगाव, हे क्रिकेटला लावून बघू का? सचिन निवृत्त झाला २०१३ ला. मग ‘सचिन स्कोअर्ड अ हंड्रेड सेंच्युरीज’ की ‘हॅज स्कोअर्ड’?

पायी गिरगाव
कारकीर्द सांगायची असेल तर ‘स्कोअर्ड’, कारण १०१ वं आंतरराष्ट्रीय शतक आता होणार नाही. पण ‘नोबडी एल्स हॅज स्कोअर्ड अ हंड्रेड इंटरनॅशनल सेंच्युरीज.’ इथे ‘हॅज’, कारण तो ‘नोबडी’ अजून खेळतोय, उद्या कुणी मारेलही.

पावशेर
नाही मारणार.

काळाचौकीकर
+१. शिवाजी पार्कात येऊन बोला कुणी मारेल म्हणून.

उपसंपादक
क्रिकेटचा धागा होण्याआधी एक व्यावसायिक नोंद. इंग्रजी बातमीची पहिली ओळ पुष्कळदा प्रेझेंट परफेक्टमध्ये: ‘द हायकोर्ट हॅज स्टेड द डिमॉलिशन.’ दुसऱ्या परिच्छेदापासून साधा भूत: न्यायमूर्ती म्हणाले, वकिलांनी मांडलं, सुनावणी मंगळवारी झाली. पहिल्या ओळीत वाचकाला आजची परिस्थिती द्यायची, पाडकाम थांबलेलं आहे. पुढे तपशील, तिथे तारखा आल्या की भूतकाळ. रोखपालांची शिल्लक आणि नोंद तीच ही.

मराठी बातमीत मात्र आम्ही ‘आहे’ सोडतच नाही. ‘मुंबई उच्च न्यायालयाने काल स्थगिती दिली आहे’, ‘असे त्यांनी म्हटले आहे’, ‘असे सूत्रांनी सांगितले आहे.’ शेवटच्या ओळीपर्यंत आहे, आहे, आहे. दोन्ही भाषांच्या टेबलावर बसलेल्याने एक इंग्रजी आणि एक मराठी पेपर समोरासमोर ठेवून फक्त क्रियापदं अधोरेखित करावीत. दोन पेपरांच्या किमतीत व्याकरणाचा तास होतो.

न्यूजर्सीचा नाना
इकडे वेगळंच. पंचवीस-एक वर्षं झाली, अजून रोज कानावर पडतं: ‘डिड यू ईट यट?’ ‘आय ऑलरेडी सॉ इट.’ ‘आय जस्ट गॉट होम.’ काळाचौकीकरांच्या यादीतले सगळे शब्द आहेत आणि हॅव गायब. इंग्लंडात ‘हॅव यू ईटन यट?’ म्हणतील. पण मंडळी, आपण तरी काय विचारतो? ‘जेवलात का?’ शुद्ध साधा भूतकाळ! म्हणजे मराठी माणूस जन्मतः अमेरिकन.

अर्थात ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर इयर्स’ इथेही तसंच लागतं, तिथे सूट नाही. सूट फक्त जस्ट, ऑलरेडी, यटच्या गटाला.

काळाचौकीकर
म्हणजे माझी यादी अमेरिकेतही बुडाली.

गुटेन टाग
अवांतर: ‘हॅव’ गायब होतं त्यातलं काही नुसतं ऐकू येत नाही म्हणूनही. ‘आय हॅव डन’चं बोलताना ‘आयव्ह डन’ होतं, ‘शी हॅज गॉन’चं ‘शीज गॉन’. आपण तरी ‘जेवलो आहे’ कुठे म्हणतो, ‘जेवलोय’. ‘बघितलं आहे’चं ‘बघितलंय’. तो ‘य’ म्हणजेच आपला ‘व्ह’. शिकणारी बाई सिनेमा बघते, तिला ‘आय डन’ ऐकू येतं आणि ती तसंच बोलते. वर्गात आखडून ‘आय... हॅव... डन’ असं तोडून शिकवू नका, ‘आयव्ह’, ‘वीव्ह’, ‘शीज’ तोंडात बसू द्या.

खडूफळा
बाप रे, एवढे प्रतिसाद! उपसंपादक आणि लोकलवाली, तुमचं वहीत उतरवून घेतलं.

काल वर्गात व्याख्या पुसली. पासबुक सांगितलं, पण सगळ्यांकडे आता मोबाइलवर मेसेज येतात, पासबुक छापून घेणाऱ्या थोड्याच. तरी ‘आज काय आहे?’ आणि ‘कधी झालं?’ हे दोन प्रश्न टिकले. मग जोडीजोडीने बसवलं. एकीने ‘हॅव यू एव्हर...’ म्हणून विचारायचं, दुसरीने ‘येस, आय हॅव’ म्हणायचं, आणि पहिलीने लगेच ‘व्हेन?’ विचारायचं. व्हेन आलं की उत्तरात हॅवला बंदी.

पोळीभाजीवाल्या ताईंना विचारलं, ‘हॅव यू एव्हर बीन टू महाबळेश्वर?’ ‘येस, आय हॅव.’ ‘व्हेन?’ ‘आय वेंट आफ्टर माय मॅरेज. इट रेन्ड. वी सॉ नथिंग.’ कुणी न सांगता तिन्ही वाक्यं साध्या भूतकाळात! मग ‘हॅव यू पेड द लाइट बिल?’, ‘हॅज युवर सन फाउंड अ जॉब?’ अशी गाडी सुटली आणि वर्ग संपून दिवे घालवेपर्यंत गप्पा चालल्या. रिसेप्शनवाल्या मुलीने तर स्वतःहून सांगितलं की दवाखान्यात फोन आला की ‘डॉक्टर हॅज कम’ म्हणायचं का ‘डॉक्टर केम’, हे तिला रोज अडायचं. आता तिचं उत्तर: पेशंटला डॉक्टर आहेत का ते हवंय, म्हणून ‘हॅज कम’. पेशंटने ‘व्हेन’ विचारलं तर ‘ही केम ॲट सिक्स’.

आजींचं ‘आय वर्क्ड इन अ मिल’ तसंच ठेवलं. त्यांनी पुढचं वाक्य स्वतः जोडलं: ‘आय हॅव लिव्ह्ड इन धिस चाळ सिन्स धेन.’

जुनी वही
आजींना साष्टांग. दोन वाक्यांत दोन्ही काळ.

वैतागवाडी
माझा आधीचा प्रतिसाद दोनदा पडला होता म्हणून... प्रकाटाआ.

पावशेर
घ्या! ‘प्रतिसाद काढून टाकला आहे.’ कधी काढला, का काढला, कुणाला पर्वा? आत्ता तो इथे नाही, एवढंच महत्त्वाचं. धाग्यातलं सगळ्यात अचूक प्रेझेंट परफेक्ट!

निवृत्त रोखपाल
पावशेर, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

बिनधास्त बबन
आता पास्ट परफेक्टचं काय? ‘आय हॅड गॉन’ तर आमच्या ऑफिसात सगळेच वापरतात, ‘काल गेलो होतो’ म्हणून.

खडूफळा
ते दुखणं वेगळं आहे, त्यावर वेगळा धागा काढा आणि तुम्हीच काढा. मराठीत ‘गेलो होतो’ एकटं उभं राहतं, इंग्रजीत ‘हॅड गॉन’ला मागे-पुढे दुसरी घटना लागते, एवढं सूतोवाच करून ठेवते.

मनुष्यबळ
खडूफळाताई, शनिवारी चालत असेल तर मी परळला येऊन खोट्या मुलाखती घेते. ‘हाउ लाँग हॅव यू वर्क्ड हिअर?’ एवढा एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारेन. बबनना पण बोलवा.

खडूफळा
चालेल, पळेल. मंडळाची खोली शनिवारी भजनाला असते, सातनंतर मोकळी. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.